रत्नागिरी ते न्यूयॉर्क : आईच्या प्रवासाचा हिशेब

तिकिटावर लिहिलं होतं, मुंबईहून रात्री १:३० ला सुटणार, न्यूयॉर्कला त्याच तारखेला सकाळी ७:३० ला पोहोचणार. आई चष्मा सावरत म्हणाली, "सहाच तास? मग मुंबईला जाण्यापेक्षा बरं की रे!"

पण तिकिटावरच्या वेळा ज्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यामागे साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. आईचं जाणं जूनमध्ये, म्हणून सहात साडेनऊ मिळवले. साडेपंधरा तास! गुडघ्यांसाठी लगेच वाटेकडची सीट आणि व्हीलचेअर मागून घेतली. गोळ्यांच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून आणल्या.

एवढा वेळ का, हे बघायला भाचीचा पृथ्वीगोल काढला. विषुववृत्ताभोवती दोरा गुंडाळला तर ९६ सेंटिमीटर भरला, म्हणजे साधारण ४०,००० किलोमीटर. मुंबई ते न्यूयॉर्क ताणून धरला तर ३०. झाले साडेबारा हजार! गंमत म्हणजे दोरा अरबस्तानावरून पश्चिमेला न जाता वर रशिया, स्कँडिनेव्हिया करत आइसलँडजवळून उतरला. भिंतीवरच्या सपाट नकाशात हे कळतच नाही. विमान मात्र नेमकं दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना हवाई हद्द बंद केली, तेव्हा त्यांना वळसा पडला. शिवाय उंचावरचा जोरदार वारा पश्चिमेकडून वाहतो. जाताना तो समोरून, येताना पाठीशी. म्हणून परतीचा प्रवास चौदा तासांचाच.

खरी काळजी होती ती रत्नागिरी ते मुंबई या जेमतेम साडेतीनशे किलोमीटरची. जूनमध्ये कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक लागतं, गाड्या हळू धावतात, आणि दरड आली तर बोलायलाच नको. त्याच दिवशीच्या गाडीवर भरवसा ठेवलाच नाही. आदल्या दिवशी पार्ल्याला आत्याकडे मुक्काम, तिथून विमानतळ जवळ. आणखी एक सांगतो, रात्री दीडचं विमान १२ तारखेचं असेल तर घरातून ११ च्या रात्रीच निघायचं, सुटण्याआधी तीन तास तिथे पोहोचायचं. कॅलेंडरवर मी ११ लाच लाल गोल केला.

परतीचा हिशेब आईने स्वतः केला. तिकडून सकाळी ११ ला निघून चौदा तास, त्यात साडेनऊ, म्हणजे मुंबईत दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा. "रात्रीची कोकणकन्या मिळते की!" मिळते, पण तिला गणपतीआधी घरी यायचं होतं. विमानाचं परतीचं तिकीट केव्हाच हातात होतं, रेल्वेचं आरक्षण साठ दिवस आधी उघडतं. त्या सकाळी आठच्या ठोक्याला मी आणि भाची दोन मोबाइल घेऊन बसलो, आणि आईला वेटिंग लिस्टच मिळाली.