धुराड्यावरची हवा

आज कारखान्याच्या धुराड्याजवळची हवा ड्रोनने गोळा करतात ते जवळून बघितलं. अजून तेच डोक्यात घोळतंय.

खरी मेख पंख्यांत आहे. ते हवा जोरात खाली ढकलतात, धुराचा लोट विस्कटतो आणि नमुना पातळ होतो. म्हणून हवा ओढायची नळी लांब दांडीवर, झोताच्या बाहेर काढलेली. तिच्या टोकाला बोटाएवढी स्टीलची ट्यूब, आत शोषक पावडर. छोटा पंप ठरावीक वेगाने हवा ओढतो. धुरातले बेंझिन, टोल्युइन, झायलिन हे घातक वायू पावडरीला चिकटून राहतात. ड्रोन उतरला की दोन्ही टोकांना घट्ट टोपणं. पुढे प्रयोगशाळेत ट्यूब तापवून गॅस क्रोमॅटोग्राफने, म्हणजे मिसळलेले वायू वेगळे करणाऱ्या यंत्राने, कुठला वायू किती ते काढतात. सोबत एक न वापरलेली ट्यूबही जाते, वाटेत काही चिकटलं का ते कळावं म्हणून. ही काळजी मला फार भावली.

बॅटरी मात्र जेमतेम 20-30 मिनिटं टिकते. तेवढ्यात वारा फिरला की पुन्हा सगळं पहिल्यापासून.

बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होतो, हे सिद्ध झालंय. त्याचं मोजमाप करायला कुणाला धुराड्यावर चढावं लागू नये, असं मनापासून वाटतं. आणि हो, येणारे आकडे कुंपणापलीकडे राहणाऱ्यांनाही दाखवा. ती हवा तेच घेतात.