तामकोक: नदीने डोंगरात कोरलेल्या वाटा

आम्हा खानदेशी माणसांना लेणी म्हटली की अजिंठा, पितळखोरा आठवतात. काळा कातळ, छिन्नी-हातोडा आणि दगडाशी पिढ्यान्‌पिढ्या झुंजलेली माणसं. व्हिएतनाममध्ये निन्ह बिन्हजवळ तामकोकला ज्या तीन गुहा पाहिल्या, त्या मात्र कुणा माणसाने खोदलेल्या नाहीत. न्गो दोंग नदीने डोंगर आरपार पोखरलाय. होडीत बसायचं आणि डोंगराच्या पोटातून पलीकडे निघायचं.

हनोईपासून दक्षिणेला साधारण शंभर किलोमीटरवर हा भाग आहे. मे महिना आम्ही मुद्दाम निवडला होता. आपल्याकडे तेव्हा शेतं नांगरून तापत पडलेली असतात, बागायती पिकं सोडली तर हिरवं काही दिसत नाही. तिथे त्याच दिवसांत भात पिकून पिवळा होतो आणि कापणी सुरू होते. उकाडा आहेच, वर घामाने जीव नकोसा होतो. पण भात उभा असताना तामकोक बघायचं असेल तर हेच दिवस.

सोबत नाना होते, माझे वडील. धुळ्याकडच्या कोरडवाहू जमिनीत त्यांचा सगळा जन्म गेला. होडी धक्क्यावरून सुटली, दोन्ही बाजूंना चुनखडीचे उभेच्या उभे सुळके आणि त्यांच्या पायथ्याशी, अगदी नदीच्या पाण्याला लागून, भाताची खाचरं. खाचर कुठे संपतं आणि नदी कुठे सुरू होते ते कळत नाही. एका वळणावर होडी काठाला घासून गेली तेव्हा नानांनी वाकून एक लोंबी तळहातावर घेतली, न तोडता, अंगठ्याने दाणा दाबून पाहिला. "दाना चांगला भरेल शे," म्हणाले आणि लोंबी अलगद सोडून दिली. पुढच्या क्षणी मला विचारलं, "आठे इतलं पानी कथाईन येस रे?" (इथे इतकं पाणी कुठून येतं रे?)

होडीवाल्या मावशी तोवर मागे रेलून आरामात वल्हवत होत्या, पायांनी! दोन्ही तळव्यांत वल्ह्यांच्या मुठी धरायच्या आणि सायकलचे पॅडल मारावेत तसे पाय फिरवायचे. हात मोकळे. त्या हातांनी मावशींनी टोपी सारखी केली, पाणी प्यायल्या, पलीकडच्या होडीतल्या बाईला काहीतरी ओरडून सांगितलं. वेग मात्र जराही कमी झाला नाही.

पहिली गुहा सर्वांत लांब, सुमारे १२७ मीटर. आत शिरताच उकाडा एकदम मागे राहतो आणि अंगावर गारवा येतो. छत इतकं खाली येतं की काही ठिकाणी मान वाकवावीच लागते. मी हात वर करून छताला लावला. दगड ओला, गार, आणि कुठेही छिन्नीचा घाव नाही. अजिंठ्यात चोविसाव्या, अर्धवट राहिलेल्या लेण्यात छिन्नीच्या खुणा दिसतात. इथे नुसत्या गुळगुळीत खोलगट वाट्या आणि मधूनच लोंबणारे लवणस्तंभ.

नदीने डोंगर आरपार कसा पोखरला, याचं उत्तर याच दगडात आहे. आपला बेसाल्ट म्हणजे थिजलेला लाव्हा, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. पाणी त्याला झिजवतं, पण विरघळवत नाही. तामकोकची चुनखडी त्याहून कितीतरी जुनी, समुद्राच्या तळाशी साचलेली. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं, फटींतून झिरपतं आणि चुनखडी विरघळवत राहतं. फटीची भेग होते, भेगेचा बोगदा होतो, आणि एक दिवस नदी त्यातून वाहू लागते. सुळक्यांच्या पायथ्याशी पाण्यालगत आडवी खाच दिसते, जणू कुणी दोरी धरून आखलेली. काही हजार वर्षांपूर्वी समुद्र इथवर आत आला होता, त्याच्याही खुणा या खडकांवर आहेत.

पुढच्या दोन गुहा लहान, साठ आणि पन्नास मीटरच्या आसपास. तिसरीपलीकडून होडी वळते आणि त्याच वाटेने परत येते.

जवळच त्रांग आन आहे, तिथेही होडीनेच फिरायचं. तिथे गुहा जास्त, भातशेती नाही. २०१४ साली युनेस्कोने या सगळ्या परिसराला जागतिक वारसा ठरवलं, निसर्ग आणि संस्कृती या दोन्ही निकषांवर. इथल्या गुहांत माणूस तीस हजार वर्षांपासून वावरल्याचे पुरावे मिळालेत. याच डोंगरांच्या आडोशाला होआ लू ही व्हिएतनामची राजधानी ९६८ ते १०१० पर्यंत होती. सुळके हीच तिची तटबंदी. मग राजा ली थाय तो याने राजधानी हनोईला नेली. आपल्या खानदेशच्या फारुकी सुलतानांनी तापीकाठची राजधानी थाळनेर सोडून बुऱ्हाणपूर गाठलं, त्याची मला तिथे उभं राहून आठवण झाली. अडचणीच्या जागी राज्य उभं राहतं, पण वाढायला त्याला मोकळं मैदान लागतं.

एकच जागा निवडायची झाली तर शेतकऱ्याच्या घरातल्यांनी तामकोकच निवडावं, असं मी आग्रहाने सांगेन. दुपारच्या आत होडी घ्या, उन्हासाठी टोपी आणि मावशींसाठी सुटे पैसे जवळ ठेवा. जवळच्या हांग मुआ डोंगराच्या सुमारे पाचशे पायऱ्या चढायच्या असतील तर संध्याकाळ बरी. वरून नदी, खाचरं आणि सुळके एका नजरेत दिसतात. नाना खालीच बसले, गुडघ्यांमुळे. ते माळकरी, आणि निन्ह बिन्हची ख्याती बोकडाच्या मटणाची. पण 'आन चाय' म्हटलं की शाकाहारी जेवण समजतं. टोफू, मॉर्निंग ग्लोरी नावाच्या पाल्याची लसूण घातलेली भाजी आणि गरम भात मिळाला. भात नानांनी दोनदा मागून घेतला.