हातात तराजू, पण टंच घसरलेला

विटा-खानापूरच्या गलाई धंद्यात, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या कामात, चांदी कुठलीही असो, पहिला प्रश्न टंचाचा, म्हणजे शुद्धतेचा. देनारियस या रोमन चांदीच्या नाण्यालाही तोच विचारावा.

नाणं साधारण 18 मिलिमीटरचं, अंगठ्याच्या नखाएवढं. पुढे सम्राटाचा चेहरा, मागे पुष्कळदा एक उभी बाई. ती एखाद्या सद्गुणाची मूर्ती असते, आणि ओळखायची हातातल्या वस्तूवरून. एका हातात फूल आणि दुसऱ्याने वस्त्राचा घोळ उचललेला, ती स्पेस, म्हणजे आशा. सापाला वाटीतून भरवणारी सालुस, आरोग्य. तराजू आणि फळांनी भरलेलं शिंग घेतलेली एक्विटास, रास्त व्यवहार. इथे घाई नको. टांकसाळीची मोनेटाही तराजू आणि शिंगच घेऊन उभी असते, त्यामुळे कडेची अक्षरं वाचावीच लागतात. 'यू'च्या जागी 'व्ही' कोरलेला असतो.

सम्राट नीरोने इ.स. 64 च्या सुमारास एका रोमन पौंडातून 84 ऐवजी 96 नाणी पाडायला लावली. वजन 3.9 ग्रॅमवरून 3.4 वर आलं आणि चांदीत तांबंही वाढलं. पुढे सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळात चांदी जेमतेम निम्म्यावर आली, तरी एक्विटासचा तराजू नाण्यावर तसाच राहिला. मला तरी हा तराजू बघवत नाही.

असं नाणं कसोटीच्या दगडावर घासू नये. ओरखडा कायमचा राहतो आणि कस खोटा लागतो: ठसा मारण्याआधी चकतीच्या पृष्ठावरचं तांबं काढून टाकत, त्यामुळे वरचा पापुद्रा आतल्या धातूपेक्षा जास्त टंचाचा असतो.

त्यापेक्षा पाण्यात तोलावं. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याने पूर्ण बुडवा. तळाला, कडेला टेकू देऊ नका. कोरडं वजन भागिले हा नवा आकडा, ही घनता. शुद्ध चांदी 10.49, तांबं 8.96. 3.20 ग्रॅमचं नाणं 0.33 दाखवत असेल, तर घनता 9.7, म्हणजे चांदी जवळपास निम्मी. तोच आकडा 0.32 वाचला, तर चांदी थेट 70 टक्के वाटते! म्हणून सोनाराचा मिलिग्रॅमचा काटाच हवा. अक्षरांच्या खाचेत अडकलेले बुडबुडे घनता कमी दाखवतात. ते ओल्या ब्रशने आधी काढावेत. घनता तांब्याजवळ आली, तर भिंगातून कड तपासा. तिथे हिरवट डाग दिसला, तर आत तांबं आणि वर चांदीचा पत्रा असण्याची शक्यता मोठी. रोमन काळातही अशी बनावट नाणी चालत.