अर्धे तिकीट, पुरी कुरकुर

निवृत्त माणसाने हिंडायला जावे की नाही, याबद्दल आमच्या गावात दोन मते नाहीत. जाऊ नये, असेच सर्वांचे मत आहे. वावरात कापसाची वेचणी चालू असताना आणि मजूर मिळत नाही म्हणून म्हाताऱ्याकोताऱ्यांसह सगळे घर कमरेला ओटी बांधून उभे असताना, पेन्शन घेणारा एक धडधाकट माणूस इस्त्रीचे कपडे घालून, हातात कापडी थैली आणि सोबत सौभाग्यवती घेऊन फाट्यावर एसटीची वाट पाहताना दिसला की कास्तकाराच्या मनात जे येते ते तो मनात ठेवत नाही. "काय साहेब, आज कोनता सन आहे बाप्पा?" असे कोणीतरी विचारतेच, आणि मी "बहिरमले चाललो" असे सांगितले की "तुमचं बरं आहे" एवढे बोलून तो पऱ्हाटीत शिरतो. त्या तीन शब्दांत सातवा वेतन आयोग, महागाई भत्ता आणि दर महिन्याला न चुकता बँकेत जमा होणारी रक्कम असे सगळे आलेले असते. त्यावर मला उत्तर सुचत नाही, कारण माझे खरोखरच बरे आहे.

आमची सहल फार लांबची नसते. अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या आसपास, सकाळी निघून दिवेलागणीला घरी येता येईल एवढाच तिचा पल्ला असतो. मी पासष्ट पूर्ण केल्यापासून एसटीत मला अर्धे तिकीट पडते. सौभाग्यवतींना वयाची अट न घालता मार्च २०२३ पासूनच अर्धे पडू लागले होते, आणि मधल्या काळात वाहकाला "एक फुल, एक हाफ" सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जो भाव असे तो मी विसरलेलो नाही. शेजारचे निवृत्त पोस्टमास्तर आमच्यासोबत आले तर त्यांचे तिकीटच लागत नाही, कारण पंचाहत्तरीपुढच्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. म्हणजे तीन माणसे मिळून एका पूर्ण तिकिटात बहिरमला जाऊन येतात. या हिशेबाने माझे मन इतके प्रसन्न होते की रेल्वेचा हिशेब आठवला नाही तर दिवस चांगला जातो. रेल्वेत साठीच्या पुरुषाला चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या स्त्रीला पन्नास टक्के सवलत होती. मी साठीचा झालो त्याच वर्षी, मार्च २०२०मध्ये, करोनाचे कारण सांगून ती थांबवण्यात आली. करोना गेला, गाड्या भरभरून धावू लागल्या, सवलत मात्र परत आली नाही.

तर कुरकुर ही अशी प्रवासाच्या पहिल्या टप्प्यालाच सुरू होते. तिच्याविषयी माझे काही पक्के मत बनले आहे, आणि ते नोकरीतून आलेले आहे. मी महसूल खात्यात कारकून म्हणून लागलो आणि २०१८ साली अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो; त्यातली बरीच वर्षे माझ्या टेबलावर आवक-जावक होती. लोकांच्या कुरकुरी कागदावर लिहून माझ्यासमोर येत. जांभळ्या शाईच्या पॅडवर शिक्का दाबायचा, तारखेची चाके बरोबर आहेत का ते पाहायचे, अर्जाच्या डाव्या कोपऱ्यात तो उमटवायचा, त्यात आवक क्रमांक लिहायचा आणि दुसऱ्या प्रतीवर पोच द्यायची, हे काम मी हजारो वेळा केले असेल. खेड्यावरून आलेला माणूस अर्जाचे काय होईल हे विचारत नसे; तो पोच मात्र मागून घेई, तिची घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवी आणि मगच पाणी पिई. आपली तक्रार कोणीतरी, अमुक तारखेला, अमुक नंबरने ऐकली आहे, एवढ्याने त्याचे निम्मे समाधान होत असे. कुरकुरीला पत्ता लागतो, हे मला तेव्हापासून कळलेले आहे.

पानठेल्यावर सकाळी जी कुरकुर चालते तिला हा पत्ता नसतो. तिथे निवृत्तांची आणि कास्तकारांची बैठक बसते, आणि विषय आदल्या रात्री टीव्हीवर जे ओरडून झाले त्यांतलेच असतात. २०१९च्या नोव्हेंबरात लोक चहा पीत होते तोवर एक शपथविधी उरकला, त्या दिवसापासून आमच्या ठेल्याचे गणित जे बिघडले ते बिघडलेच. जून २०२२मध्ये एक पक्ष फुटला, जुलै २०२३मध्ये दुसरा फुटला, नाव एकाकडे आणि माणसे दुसरीकडे अशी वाटणी झाली, आणि आपण ज्या चिन्हाला मत दिले ते आता सत्तेत आहे की विरोधात, याचा उलगडा करायला आमच्या पोस्टमास्तरांना सिगारेटच्या पाकिटावर आकृती काढावी लागली. ती आकृती त्यांनी पुढे दोनदा खोडली. कास्तकारांना या नाटकाचा कंटाळा फार लवकर येतो. त्यांचे म्हणणे साधे असते: २०२५-२६च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव होता ८११० रुपये क्विंटल, आणि परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क मात्र ऑगस्ट २०२५पासून डिसेंबरअखेरपर्यंत माफ होते, म्हणजे नेमके आमचे बोंड फुटायच्या हंगामात. हे बोलणे रास्तच आहे. पण ते ऐकायला दिल्लीहून पानठेल्यावर कोणी येत नाही, आणि ठेलेवाला फक्त चुन्याची डबी पुढे सरकवतो.

म्हणून मला घरातून निघून केलेली कुरकुर अधिक पसंत आहे. बाहेर पडलेल्या माणसाला समोर काहीतरी दिसते, आणि जे दिसते त्याविषयी तो बोलतो. बहिरमचेच पाहा. परतवाडा-बैतूल रस्त्यावर, सातपुड्याच्या पायथ्याशी, टेकडीवर बहिरमबुवाचे देऊळ आहे आणि २० डिसेंबरपासून तिथे जी यात्रा भरते ती जानेवारी संपेपर्यंत चालते. मातीच्या हंडीत शिजवलेल्या मटणासाठी लोक लांबून येतात. आमच्या घरी माळ असल्यामुळे आमचा रोख रोडग्यांवर असतो. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेच्या लहान लहान पाऱ्या तेल लावून एकीवर एक ठेवायच्या, त्यांचा गोळा बांधायचा आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात पुरायचा. वर खरपूस साल आली की तो बाहेर काढून फडक्याने राख झटकायची आणि मुठीने दाबून फोडायचा. आत पदर सुटलेले दिसतात, वाफ निघते, त्यावर तूप आणि शेजारी वांग्याची झणझणीत भाजी. हा पदार्थ घरी गॅसच्या तंदूरमध्ये करून पाहणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

रोडगा फोडताना दरवर्षी माझ्या मनात दुसऱ्या यात्रेचा विचार येतो. ती यात्रा नागपूरला भरते. १९५३च्या नागपूर कराराने विदर्भाच्या वाट्याला विधिमंडळाचे वर्षाकाठी एक अधिवेशन आले, आणि डिसेंबरात सगळे सरकार फायलींसह इकडे येते. २०२४ साली ते १६ डिसेंबरला आले आणि २१ला परत गेले. २०२५ साली ८ला आले आणि १४ला गेले. बहिरमबुवाचा मुक्काम याहून कितीतरी मोठा असतो, आणि त्याच्या यात्रेत हंडी विकणाऱ्याने सांगितलेला भाव संध्याकाळपर्यंत तरी टिकतो. मागासलेल्या भागाचा अनुशेष मोजायला १९९४ साली वैधानिक विकास मंडळ मिळाले होते, त्याची मुदत ३० एप्रिल २०२०ला संपली, आणि तेव्हापासून अनुशेष आहे तिथेच असून मोजणारा तेवढा नाहीसा झाला आहे. सौभाग्यवतींना हे भाषण पाठ आहे. त्या म्हणतात, "भाजी थंडी होऊन राह्यली, आधी जेवा."

चिखलदऱ्याला आम्ही जातो ते आठवड्याच्या मधल्या वारी, कारण शनिवार-रविवारी घाटात मोटारींची रांग लागते आणि तिथे मका भाजणाऱ्या बाईलाही बोलायला सवड नसते. तिथल्या काचेच्या आकाशमार्गाविषयी इतकी वर्षे ऐकतो आहे की आता मी त्याबद्दल विचारणे सोडले.

मुक्तागिरीला मात्र विचार करण्यासारखे काही सापडते. बावन्न जैन मंदिरे, मधोमध पावसाळ्यात कोसळणारा धबधबा, पायऱ्या चढताना गुडघ्यांची होणारी पूर्ण तपासणी, आणि हे सर्व मध्य प्रदेशात, बैतूल जिल्ह्यात. परतवाड्याहून निघालेला माणूस थोड्याच वेळात परराज्यात असतो. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला त्याआधी हा सगळा मुलूख एकच होता आणि राजधानी नागपूर होती; आमचे वडील त्या दिवसांविषयी अशा आवाजात बोलत की जणू नागपूरला गेल्यावर मुख्यमंत्री त्यांना चहा विचारत असत. आज सीमा ओलांडली की बसमधले लोक एकमुखाने म्हणतात, "पाहा, यांचे रस्ते कसे आहेत!" तिकडचे भाविक आपल्याकडे आले की तेही आपल्या रस्त्यांकडे पाहून नेमके हेच म्हणतात, असे मला मंदिराच्या पायरीवर बसलेल्या एका बैतूलच्या गुरुजींनी सांगितले. आम्ही दोघांनी एकमेकांच्या सरकारांचे मनसोक्त कौतुक केले.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून नातू येतो तेव्हा त्याला अचलपूरच्या स्टेशनावर नेण्याचा माझा प्रघात आहे. स्टेशन आहे, गाडी नाही. शकुंतला नावाने सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक असलेली ही अडीच फुटी रुळांची गाडी मूर्तिजापूरहून इकडे अचलपूरला आणि तिकडे यवतमाळला जात असे. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत आणि तिथून विलायतेच्या गिरण्यांपर्यंत पोचवण्यासाठी इंग्रजी कंपनीने ती बांधली. तिला ओढणारे वाफेचे इंजिन १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले होते आणि त्याने १९९४पर्यंत काम केले. मँचेस्टरने आमच्याकडून इतका कापूस नेला, त्यापैकी एवढे तरी परत दिले असे म्हणायचे. नंतर डिझेल इंजिन आले, मग गाडीच बंद पडली. लोकसभेची निवडणूक आली की तिला ब्रॉडगेजचे स्वप्न पडते. नातवाने रुळांच्या मधल्या गवतात उभे राहून दोन्ही पाय दोन रुळांवर ठेवून पाहिले आणि विचारले, "आजोबा, ही खेळण्यातली होती का?" त्याला मी सांगितले की याच खेळण्यात बसून त्याची पणजी माहेरी जात असे, आणि गाडी इतकी सावकाश चाले की मधे उतरून बोरे वेचून पुन्हा चढता येई. हे दुसरे वाक्य वऱ्हाडातला प्रत्येक आजोबा सांगतो, तेव्हा त्याची जबाबदारी माझ्या एकट्यावर नाही.

आता मूळ मुद्द्याचे. आमच्या गावाहून मोठ्या रस्त्याला लागताना नाल्यावर एक रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, आहे. मागच्या पावसाळ्यात त्याची एक कड वाहून गेली. एसटी तिथे आली की चालक थांबतो, गिअर बदलतो, खिडकीबाहेर मान काढून चाकाकडे पाहतो, आणि तेवढा वेळ बसमधली सगळी माणसे पुढच्या सीटची दांडी धरून गप्प असतात. हिंडायला निघालेले आणि बाजाराला निघालेले, दोन्ही. पूर्वी अशा वेळी काय करायचे हे बारक्या पोरालाही माहीत होते. आमच्या सर्कलचा जिल्हा परिषद सदस्य लग्नात, मयतीत किंवा परतवाड्याच्या बाजारात कुठेतरी सापडेच, आणि त्याला चार लोकांत धरून "भाऊ, रपट्याचं काय झालं?" असे विचारता येई. तो खोटे बोले, पण समोर उभा राहून बोले, आणि पुढच्या निवडणुकीत त्याला पुन्हा आमच्याच दारात यायचे असे. राज्यातल्या बऱ्याच जिल्हा परिषदांची मुदत मार्च २०२२मध्ये संपली. ओबीसी आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला आणि प्रशासक आले. मे २०२५मध्ये न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घ्या असे बजावले, ती मुदत ३१ जानेवारी २०२६पर्यंत वाढली, नगरपालिकांचे मतदान डिसेंबरात झाले, आणि आमचा रपटा ज्यांच्या कक्षेत येतो त्यांची पाळी त्यात आली नाही. प्रशासक हा माणूस वाईट असतो असे नाही. मी आयुष्यभर अशा अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम केले आहे. पण तो लग्नाला येत नाही. मुंबईत कोण कोणाबरोबर गेला यावर रात्री तासभर चर्चा होते, आणि या रपट्याबद्दल विचारायला गावाजवळ जो एक माणूस होता तो चार वर्षे जागेवरच नाही, याची चर्चा मी टीव्हीवर ऐकलेली नाही.

शेवटी मीच अर्ज लिहिला. वरच्या कोपऱ्यात 'प्रति' लिहून त्याखाली कोणाचे नाव घालायचे यात बराच वेळ गेला. पोस्टमास्तरांचे म्हणणे पडले की तीन-चार पदे लिहावीत, एक तरी भरलेले असेल. बाजाराच्या दिवशी तो मी कार्यालयात घेऊन गेलो. खिडकीत कंत्राटी नोकरीवर लागलेला एक पोरगा होता, त्याने अर्ज घेतला आणि बाजूला ठेवला. मी दुसरी प्रत पुढे केली. "याची पोच काऊन पाहिजे काका?" त्याने विचारले. मी सांगितले, पाहिजे. त्याने शिक्का शोधला, पॅड कोरडे होते म्हणून त्यावर दोन थेंब पाणी टाकले, आणि उमटवलेल्या तारखेत महिना मागचा निघाला. चाक फिरवून देतो म्हणालो, तर शिक्का त्याने निमूट माझ्या हातात दिला.

पोच आता घरी खुंटीवरच्या सदऱ्याच्या खिशात आहे. पौषातल्या रविवारी पूर्णेकाठी ऋणमोचनला जायचे ठरले आहे. गर्दी असते, पण तिथली यात्रा रविवारचीच असते, त्याला इलाज नाही. जाताना त्याच रपट्यावरून जावे लागेल, आणि पोस्टमास्तर येणार असल्यामुळे तिकीट एकच.