आमची वाटचाल : स्कॅनिंगच्या कंत्राटापासून वॉटरमार्कपर्यंत

सांगलीत आमची सुरुवात स्कॅनिंगच्या कंत्राटांनी झाली. नगरपालिकेची जन्म-मृत्यू रजिस्टरं, पतसंस्थांची कर्जप्रकरणं, कॉलेजांचे निकालाचे गठ्ठे. दप्तर सोडायचं, धूळ झटकायची, स्कॅन करून डीव्हीडीवर द्यायचं. पैसे पानामागे मिळायचे, त्यामुळे मारामारी सगळी दरावर. माल ताब्यात घेताना मात्र जो तो विचारायचा, ‘उद्या यातला आकडा कुणी बदलला तर कळणार कसं?’

डिजिटल सहीला २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याने मान्यता दिलेली आहे. एक स्वल्पविराम हलला तरी ती सही फाइल बदलल्याचं सांगते. पण नेमकं काय बदललं, हे ती सांगत नाही. धंदा इथे आहे, असं आम्हाला वाटलं.

आम्ही नाजूक वॉटरमार्क बसवतो, म्हणजे पानाला हात लागला की मोडणारी अदृश्य खूण. पानाचे बारीक चौकोन पाडायचे, प्रत्येकाची खूण गुप्त किल्लीने काढायची आणि ती पिक्सेलच्या (चित्रातल्या ठिपक्याच्या) सर्वांत हलक्या बिटांमध्ये लपवायची, म्हणजे जे बदलले तरी रंगात फरक जाणवत नाही अशा अंकांमध्ये. डोळ्यांना काही दिसत नाही. कुणी १०,००० चे ७०,००० केले, तर तपासणीत तेवढाच भाग लाल होतो. यातही मेख आहे. प्रत्येक चौकोन स्वतंत्र ठेवला, तर त्याच किल्लीच्या दुसऱ्या दाखल्यातला चौकोन उचलून इथे चिकटवता येतो; हॉलिमन आणि मेमन या संशोधकांनी २००० मध्येच हे दाखवून दिलंय. म्हणून दस्त क्रमांक, पान क्रमांक आणि चौकोनाची जागा हे सगळं त्या खुणेत मिसळावं लागतं.

खरा घाम काढला तो जुन्या काळ्या-पांढऱ्या स्कॅननी. तिथे एका पिक्सेलला एकच बिट, लपवणार कुठे? पांढऱ्यावर ठिपका पडला की लगेच दिसतो. अक्षरांच्या कडांवर खेळावं लागतं आणि जागा फार थोडी मिळते. म्हणून नवं काम आम्ही ग्रेस्केलमध्येच, म्हणजे करड्या छटांमध्ये घेतो. ३०० डीपीआयचं ए-४ पान कॉम्प्रेशनआधी १ एमबीऐवजी सुमारे ८.७ एमबी होतं. गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू दे.

क्रमही पाळावा लागतो. आधी वॉटरमार्क, मग सही. उलट केलं तर वॉटरमार्क बसवतानाच सही मोडते.

काही कार्यालयांना पानावर तिरका, फिकट, मोठा लोगो हवा असतो. त्याने रुबाब येतो, पण फेरफार पकडला जात नाही. ते काम आम्ही करून देतो, पण ‘संरक्षण’ म्हणून त्याचं बिल लावत नाही. सहीऐवजी वॉटरमार्क मागणाऱ्यांना सरळ नाही म्हणतो. कायद्याचा आधार सहीला आहे.

अजूनही सर्वांत जास्त फोन व्हॉट्सअ‍ॅपमुळे येतात. पान फोटो म्हणून पाठवलं की कॉम्प्रेशनने आख्खं लाल होतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं की शाबूत राहतं. आता प्रत्येक कंत्राटाबरोबर टेबलावर लावायला तेवढ्याच सूचनेचा कागद देतो.