गाळलेली जागा

अमृतमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी 'शाळेनं काय दिलं ते लिहा' असा निरोप आला. मी बँकेत कर्जखात्याला बसतो. लिहिण्याची सवय शेरे मारण्यापुरती. तरी चौथीच्या बाईंबद्दल लिहायचं कधीचं मनात होतं.

तिसरीपर्यंत मी शाळेतला 'वाचणारा पोरगा' होतो. धडा उघडला की घाट उतरणाऱ्या एस.टी.सारखा सुटायचो. स्वल्पविरामाला थांबणं नाही, पूर्णविरामाला नाही. तपासणीला साहेब आले की मलाच उभं करायचे. आता 'निपुण भारत' अभियानात तिसरीच्या मुलानं मिनिटाला किमान ६० शब्द अर्थासह वाचावेत असं उद्दिष्ट आहे. साठ शब्द मी एका दमात संपवले असते. अर्थाचं तेवढं विचारू नका.

घरची पत्रंही मीच वाचायचो. माण तालुक्यातल्या कितीतरी घरांसारखा आमच्याही घरातला एकजण मुंबईच्या गिरणीत होता. तात्या, माझे चुलते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि शिमग्याच्या आसपास तात्यांचं कार्ड आलं. मी ओसरीवर उभा राहून खणखणीत वाचलं : 'तीर्थरूप आईस शिरसाष्टांग नमस्कार. इकडे सर्व क्षेम आहे. संप लवकरच मिटेल, काळजी नसावी. खोलीत अडचण होते म्हणून ट्रंक व गादी गावच्या माणसाबरोबर पाठवत आहे.'

"आजी, तात्यांचं बरं चाललंय," मी सांगून टाकलं.

आजीला सही येत नव्हती. ती म्हणाली, "गादी धाडली? मग त्यो निजनार कशावर?" जरा वेळानं आपल्याशीच पुटपुटली, "खोली सुटली लेकराची."

कार्डात असं कुठंच लिहिलेलं नाही म्हणून मी तिच्याशी वाद घातला. कार्ड दोनदा पुन्हा वाचून दाखवलं.

जूनमध्ये चौथीला नव्या बाई बदलून आल्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी फळ्यावर उतारा लिहिला. 'भुंबूर झिमकत सटारात गेला. तिथे त्याने दोन कुंबे फटकले.' खाली प्रश्न : भुंबूर कोठे गेला? कसा गेला? त्याने किती कुंबे फटकले? आम्ही पाट्या भरल्या. 'भुंबूर सटारात गेला. भुंबूर झिमकत गेला.' सगळ्यांची सगळी उत्तरं बरोबर. बाईंनी प्रत्येकाला पैकीच्या पैकी दिले आणि मग विचारलं, "आता सांगा, सटार म्हणजे काय?"

वर्ग चिडीचूप. मागून कुणीतरी "गाव असंल" म्हणालं. "कशावरून?" बाई म्हणाल्या. हा त्यांचा 'कशावरून' पुढं वर्षभर आमच्या मानगुटीवर बसला. उत्तर बरोबर असलं तरी कशावरून ते सांगता आलं नाही की अर्धाच गुण. घरी गाईड होतं त्यांची तर फारच पंचाईत झाली.

बाईंचं वाचन शिकवणं आजच्या प्रशिक्षणांत बसेल की नाही, माहीत नाही. तक्ते नव्हते, कार्डं नव्हती. गोष्ट वाचता वाचता त्या मध्येच पुस्तक मिटायच्या आणि पुढं काय होईल ते आम्हाला सांगायला लावायच्या. धडा आपल्या घरच्या बोलीत सांगायचा, 'आजीला सांगताय असं समजा'. प्रश्न आम्हीच काढायचे, पण ज्याचं उत्तर पुस्तकातून जसंच्या तसं उतरवता येईल असा प्रश्न काढला की बाद.

होडीचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग आपटला. वल्हं, भरती, ओहोटी... आम्ही टँकरच्या पाण्यावर वाढलेली पोरं! अक्षरं सगळी ओळखीची, पण डोळ्यांपुढं काही उभं राहीना. बाईंनी परात आणून पाण्यात करवंटी सोडली, तरी समुद्र काही आला नाही.

मग एक दिवस त्यांनी स्वतः एक उतारा लिहिला. मेंढपाळ मावळतीकडं बघतो, घोंगडी डोक्यावर घेतो, कोकरू उचलून पालात ठेवतो आणि मग वाघर, म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी, ताणायला लागतो. प्रश्न एकच : तो असं का करतो? मी उतारा धाडधाड वाचला आणि 'त्याला थंडी वाजते' असं उत्तर दिलं. शेवटच्या बाकावर मेंढरांच्या वाड्यावरून येणारा एक मुलगा होता. जोडाक्षर आलं की अडकायचा, त्याच्याकडून वाचून घेणं सगळ्यांनी सोडूनच दिलं होतं. तो बोट ठेवत, अडखळत शेवटपर्यंत गेला आणि म्हणाला, "बाई, पाऊस येतोय. पन वाघर आधी ताणाय पायजे हुती. मेंढरं तवर पांगली असती."

बाई हसल्या. खडू घेतला आणि त्याच्यासमोर उताऱ्यातली वाक्यं वर-खाली केली. लिहिलेलं चुकू शकतं आणि ते वाचणाऱ्याला कळू शकतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. खरं सांगायचं तर त्या दिवशी मला त्या मुलाचा राग आला होता. वर्गातला पहिला वाचणारा मी होतो ना!

संप काही मिटला नाही. दिवाळीच्या तोंडावर तात्यांचं पुन्हा कार्ड आलं. आजी चुलीपुढं करंज्या तळत होती. "वाच की रं," म्हणाली. मी नमस्कार वाचला, क्षेम वाचलं. पुढची ओळ होती, 'माझ्या वाटणीचा फराळ राखून ठेवू नये.' मी थांबलो. गादी आठवली. मग ती ओळ सोडून एकदम शेवटचं 'लहानांस आशीर्वाद' वाचलं आणि कार्ड उलटं धरलं.

आजीनं झारा कढईच्या काठावर ठेवला.

"मधलं काय गाळलंस?"

"काही नाही."

"न्हाई येत न्हवं त्यो?"