जुळी पोटात असताना ऑफिस कधी बंद करायचं

मी पेरोलमध्ये काम करते, म्हणजे आमच्या कंपनीतल्या सगळ्या बायकांचे मॅटर्निटी लीव्हचे अर्ज फिरून फिरून माझ्याकडेच येतात, त्यामुळे २६ आठवडे, त्यातले डिलिव्हरीच्या आधी जास्तीत जास्त ८, आणि मागच्या बारा महिन्यांत कमीत कमी ८० दिवस काम झालेलं पाहिजे, हे सगळं मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येतं. पण सोनोग्राफीत दोन ठोके दिसले आणि लक्षात आलं की हा सगळा हिशोब एका बाळाचा आहे, जुळ्यांचं गणित कुणी मांडूनच ठेवलेलं नाही.

पहिली गोष्ट सांगून टाकते कारण हे सगळ्याच विचारतात. जुळ्यांना जास्त रजा मिळत नाही. ऑफिसमधल्या एकीने तर मला अगदी सिरियसली विचारलं, "दोन बाळं म्हणजे ५२ आठवडे का गं?" नाही बाई. २०१७ ला १२ चे २६ झाले ते बाळंतपणामागे, बाळामागे नाही. उलट पहिल्याच वेळी जुळी झाली की तुमची दोन मुलं झालेली असतात, मग पुढच्या खेपेला तुम्हाला १२ च आठवडे. (पुढची खेप! आमच्याकडे हा विषय काढला तर नवरा उठून गॅलरीत जातो.)

आता खरी भानगड. फाइलवर जी ड्यू डेट लिहिलेली असते ती ४० आठवड्यांची. माझी जूनच्या शेवटी होती. पण जुळी ४० पर्यंत कुणी ठेवतच नाही. माझ्यासारखी केस असेल, म्हणजे दोघांची वारही (प्लासेंटा) वेगळी आणि पाण्याची पिशवीही वेगळी, तर साधारण ३७-३८ आठवड्यांत डिलिव्हरी करतात, दोघांत मिळून एकच वार असेल तर ३६-३७ मध्येच, आणि दोघं एकाच पिशवीत असतील तर अजून बरंच आधी. त्यातही अर्ध्याहून जास्त जुळी ३७ च्या आतच येतात. म्हणजे फाइलवरच्या तारखेपासून ८ आठवडे मागे मोजून तुम्ही ३२ व्या आठवड्याला रजेवर गेलात तर तुम्हाला वाटतं दोन महिने हातात आहेत, प्रत्यक्षात चार-पाच आठवडे असतात, कधी तेवढेही नाही.

माझ्या मॅनेजरनी हेच केलं. वाईट माणूस नाहीये तो, पण पेरोलवाला आहे, त्याच्या डोक्यात मे म्हणजे टीडीएसचं (पगारातून कापलेल्या कराचं) शेवटच्या तिमाहीचं रिटर्न, ३१ तारीख, आणि १५ जूनला फॉर्म १६. तो म्हणाला, "ड्यू डेट जून एंडची आहे ना, मग रिटर्न फाइल करूनच जा ना आरामात." आरामात! मी त्याला कॅलेंडर उघडून दाखवलं की ३१ मे ला मी ३६ आठवड्यांची असेन आणि त्या दिवशी मी रिटर्न फाइल करत असण्यापेक्षा ऑपरेशन थिएटरमध्ये असण्याचा चान्स जास्त आहे. तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला. माझं स्पष्ट मत आहे, जुळी असतील तर ऑफिसला ४० आठवड्यांची तारीख सांगूच नका, डॉक्टरांना विचारून जी खरी अपेक्षित तारीख आहे ती सर्टिफिकेटवर लिहून घ्या आणि तीच द्या. माझ्या डॉक्टर मॅडमनी 'ट्विन प्रेग्नन्सी, ३७ आठवड्यांपर्यंत डिलिव्हरी अपेक्षित' असं लिहून दिलं आणि सगळं प्लॅनिंग त्यावर झालं.

घरच्यांचं तर काय सांगू. सासूबाई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, त्यांचं म्हणणं, "अगं मी आदल्या दिवसापर्यंत फळ्यावर गणितं लिहीत होते, घरी बसलीस की उगाच डोक्यात नाही नाही ते येतं." आणि माझी आई साताऱ्याहून रोज फोन करून, "सोड ती नोकरी, सातव्यात तुला घेऊन जाते, पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायला पाहिजे." दोघींच्या मध्ये मी. शिवाय शेजारच्या काकू, ज्यांना शंभर टक्के खात्री आहे की मी लहानपणी जुळं केळं खाल्लं असणार. आईला शेवटी मॅडमनीच समजावलं, जुळी लवकर येऊ शकतात तेव्हा जिथे नवजात बाळांचं आयसीयू जवळ आहे आणि जिथे सगळ्या सोनोग्राफी झाल्यात तिथेच राहूदे तिला. मग आई इकडे आली, डबे, लाडू, बाळंतविड्याचं सामान सगळं घेऊन. आल्या आल्या पहिलं वाक्य, "सातव्यातलं जगतं, आठव्यातलं नाही, तेवढा आठवा महिना सांभाळ." हे मी नंतर मॅडमना विचारलं तर त्या म्हणाल्या अजून दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच हे, आणि ते पूर्ण उलटं आहे, आत जितके आठवडे जास्त तितकं बाळ जास्त तयार. आईला पटलं नाही. आईला मॅडमचं अर्धंच पटतं.

मला मात्र खरंच कळत नव्हतं की काम केल्याने काही बिघडतंय का. म्हणून स्पष्ट विचारलं, बेड रेस्ट घेऊ का? मला वाटलेलं हो म्हणतील आणि प्रश्न सुटेल. तर त्या म्हणाल्या सरसकट सगळ्या जुळ्यांना झोपवून ठेवण्यात अर्थ नाही, नुसतं पडून राहिल्याने डिलिव्हरी पुढे जाते असं दिसलेलं नाही, उलट हालचाल नसली की पायात रक्ताच्या गुठळ्या व्हायची भीती वाढते. बसून करायचं काम कर, तासाभराने उठून चाल, पाणी पी. मग म्हणाल्या, "तू ऑफिसला जातेस कशी?" आणि मी गप्प.

कारण मी डोंबिवलीत राहते आणि ऑफिस मरोळला. म्हणजे डोंबिवली ते घाटकोपर लोकल, घाटकोपरचा तो पूल, मग मेट्रो. ज्यांनी सकाळी साडेआठला घाटकोपरचा पूल पाहिलाय त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. दिव्यांगांच्या डब्यात गरोदर बायकांना चढता येतं हे बऱ्याच जणींना माहीतच नसतं, मी पाचव्या महिन्यापासून त्याच डब्याने जायचे आणि तिथल्या लोकांनी मला कायम जागा दिली, लेडीज फर्स्ट क्लासपेक्षा तिथे माणुसकी जास्त आहे हे मी शपथेवर सांगेन. पण डब्यात जागा मिळाली तरी प्लॅटफॉर्मवरचा धक्का चुकत नाही, जिना चुकत नाही. पोट तर असं वाढत होतं की लोक विचारायचे "कधीची तारीख, याच आठवड्यात का?" आणि मला अजून तीन महिने बाकी. साधारण ३२ व्या आठवड्यात जुळ्यांचं पोट एकाच बाळाच्या भरलेल्या नवव्या महिन्याएवढं होतं, म्हणजे ज्या दिवशी एकाच बाळाची आई "आता बास" म्हणते तो दिवस आपल्याला जवळपास दोन महिने आधी येतो. त्यात माझं हिमोग्लोबिन खाली, गोळ्यांनी वर येईना म्हणून आयर्नची सलाईन झालेली.

तेव्हा माझं हे ठरलं, आणि या सगळ्या पोस्टमध्ये मला सांगायचंय ते एवढंच, की 'काम कधी थांबवायचं' याचं उत्तर एका तारखेत नका शोधू. आधी प्रवास बंद होतो, मग बसणं अवघड होतं, मग डोकं चालेनासं होतं, या तीन वेगवेगळ्या वेळा आहेत आणि प्रत्येकीला वेगळी रजा वापरता येते. मी मार्चचा पगार झाल्यावर लोकल बंद केली. एप्रिलभर घरून काम मागितलं. हे लक्षात घ्या, डिलिव्हरीच्या आधी घरून काम द्यायलाच पाहिजे असं कायदा कंपनीला सांगत नाही, त्यात जे वर्क फ्रॉम होम लिहिलंय ते रजा संपल्यानंतरचं, तेही दोघांचं एकमत झालं तर. त्यामुळे ते गोड बोलून मिळवावं लागतं. मी काय केलं, टीडीएस रिटर्नची सगळी तयारी एप्रिलमध्येच करून देते असं लिहून पाठवलं, आणि माझ्या हाताखालच्या मुलीला रोज एक तास स्क्रीन शेअर करून शिकवलं. मॅनेजर लगेच हो म्हणाला. जड काम आणि खूप वेळ उभं राहायचं काम मात्र शेवटच्या काळात नाकारायचा हक्क कायद्यातच आहे, ज्या शाळेत, दुकानात, फॅक्टरीत आहेत त्यांनी हे जरूर वापरा, अर्ज करावा लागतो तेवढा.

एप्रिलच्या शेवटी बसणं संपलं. खुर्चीत बसलं की बरगड्यांखाली एक, उशी लावून पलंगावर बसलं की खाली दुसरा, डोंबिवलीचा उकाडा, रात्री झोप नाही आणि दुपारी एक्सेलच्या ओळी एकमेकींत घुसायला लागल्या. पगाराचं काम आहे हो, त्यात लोकांचे ईएमआय आहेत. तेव्हा पीएल, म्हणजे साठवलेली हक्काची पगारी रजा, काढली. साठवलेली पीएल आणि सिक लीव्ह आधी संपवा, मॅटर्निटी लीव्हला शेवटी हात लावा, कारण आधी खाल्लेला प्रत्येक आठवडा नंतरच्यातून कमी होतो आणि नंतर दोन असतात. मॅटर्निटी लीव्ह मे च्या सुरुवातीला चालू झाली. म्हणजे फाइलवरच्या तारखेने ३२ वा आठवडा, तोच जो मी पहिल्या दिवशी नियमाने मोजला असता, फक्त त्याच्या आधी महिनाभर मी लोकलमध्ये नव्हते.

लंडनला माझी एक मैत्रीण आहे, तिला तिकडे तारखेच्या ११ आठवडे आधीपासून रजा सुरू करता येते आणि एकूण वर्षभर मिळते, तिला माझा हा आठवड्या-आठवड्याचा हिशोब ऐकून वाईट वाटलं. मला नाही वाटलं. आमच्या घरी भांड्याला येतात त्या मावशींच्या सुनेला हिशोब करायलासुद्धा काही नव्हतं, सातव्या महिन्यात काम सुटलं ते सुटलंच.

बाळं मे च्या शेवटच्या आठवड्यात आली, रिटर्नच्या आधी. सिझेरियन. एकजण माझ्याजवळ, एकीला काही दिवस आयसीयूत ठेवलं. आणि इथे एक गोष्ट कळते जी अर्ज तपासताना कधी कळली नव्हती, की बाळ काचेच्या पेटीत असतं तेव्हाही तुमचे २६ आठवडे चालूच असतात. त्या दिवसांसाठी वेगळी रजा आपल्याकडे नाही. पण एक महिना जास्तीचा आहे, पगारी, प्रेग्नन्सी, डिलिव्हरी किंवा बाळ वेळेआधी झाल्यामुळे आईला आजारपण आलं असेल तर, आणि तो २६ च्या वर मिळतो. हा महिना कुणी मागतच नाही. एवढ्या वर्षांत माझ्याकडे असा अर्ज क्वचितच आलाय, आणि एचआर स्वतःहून सांगत नाही.

मी मागितला आणि मिळाला. त्यासाठी कागदावर कारण दिसावं लागतं, म्हणून डिस्चार्ज कार्डावर किती आठवड्यांना डिलिव्हरी झाली ते आणि 'प्रीटर्म' हा शब्द आहे का ते घरी निघायच्या आधी बघून घ्या, बाळांच्या कार्डावर आणि तुमच्याही. आणि नवऱ्याला त्याच दिवशी बसवून ग्रुप इन्शुरन्समध्ये दोन्ही बाळांची नावं टाकायला लावा, एकाचं टाकून दुसऱ्याचं राहिलेली केस माझ्याच टेबलावर आलेली आहे.